अमेरिकन वसाहती: १७६५ला राजनिष्ठ, १७७६ला स्वतंत्र. मधल्या अकरा वर्षांत नेमकं काय घडलं?

पानगळ

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांसाठी अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर टिपण तयार करायचं आहे. गाईडांमध्ये साखळी ठरलेली असते: ब्रिटननं कर लादले, 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही घोषणा निघाली, बोस्टनला चहा समुद्रात टाकला, युद्ध झालं, ४ जुलैला स्वातंत्र्य. विचार करणारं मूल इथे तीन शंका काढेल आणि या साखळीत त्यांची उत्तरं नाहीत.

पहिली: खुद्द इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी पट कर भरत होता. मग एवढा संताप कशाचा?

दुसरी: १७७३च्या कायद्यानं चहा स्वस्त होणार होता. स्वस्त चहा कुणी पाण्यात फेकतं का?

तिसरी: पहिली गोळी एप्रिल १७७५ मध्ये सुटली आणि जाहीरनामा जुलै १७७६चा. मधले जवळजवळ पंधरा महिने हे लोक कशासाठी लढत होते?

जाणकारांनी तपशिलासह लिहावं.

कलमदान

पहिल्या शंकेबद्दल. कर कमी होता हे खरंच आहे आणि ते मुलांना सुरुवातीलाच सांगावं. १७६३ला संपलेल्या सात वर्षांच्या युद्धानं ब्रिटनला कॅनडा मिळवून दिला, पण राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट केलं. शिवाय अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायम ठेवायचं ठरलं. त्या खर्चाचा थोडा वाटा वसाहतींनी उचलावा, एवढीच पंतप्रधान ग्रेनव्हिलची मागणी होती. लंडनमधून पाहिलं तर त्यात गैर काहीच नव्हतं.

वसाहतीतला हिशेब निराळा होता. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजानं नेमलेला, पण त्याचा पगार मंजूर करायची स्थानिक विधानसभा. गव्हर्नर ऐकेनासा झाला की पगार अडकवायचा. हे हत्यार त्या सभांनी कित्येक दशकं सराईतपणे वापरलं होतं. पार्लमेंट परस्पर कर बसवू लागलं आणि त्यातून पगार देऊ लागलं, तर विधानसभेला विचारतो कोण? भांडण पेटलं ते थैली कुणाच्या हातात, यावर. रकमेचा मुद्दा त्यानंतरचा.

२२ मार्च १७६५चा मुद्रांक कायदा नीट वाचला की तो कुणाला टोचला हे कळतं. वर्तमानपत्रं, खटल्यांची कागदपत्रं, जमिनीची खरेदीखतं, जहाजांचे परवाने, दारूविक्रीचे परवाने, सगळं शिक्का मारलेल्या कागदावरच हवं. पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग, कॉलेजच्या पदवीपत्राला २ पौंड. म्हणजे वकील, छापखानेवाले, व्यापारी, खानावळवाले असे समाजातले सगळ्यात बोलके लोक एकाच कायद्यानं दुखावले. रक्कम स्टर्लिंगमध्ये भरायची होती आणि वसाहतींत नाण्यांचा कायम तुटवडा. त्यात आदल्याच वर्षी, १७६४ला, तिथल्या कागदी चलनावर निर्बंध आलेले. कायदा मोडला तर खटला नौदल न्यायालयातही चालवता येणार, आणि तिथे ज्युरी नाही. इंग्रज माणूस ज्युरीला आपला जन्मसिद्ध हक्क समजत असे, त्यामुळे हा घाव करापेक्षा खोल गेला.

आता घोषणेबद्दल. वसाहतींना पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या, असं मुलं गृहीत धरतात. तसं नव्हतं. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. त्यांच्या ठरावात साफ म्हटलं होतं की एवढ्या अंतरामुळे तिथे आमचं प्रतिनिधित्व होऊच शकत नाही, तेव्हा आमच्यावर कर आमच्याच विधानसभेनं बसवावा. 'मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही खासदार नाहीत, तरी पार्लमेंट सगळ्यांचंच प्रतिनिधित्व करतं', हा लंडनचा युक्तिवाद. तो अमेरिकेत कुणालाच पटला नाही.

कायदा मोडून कसा पडला, हे टिपणात जरूर घ्या. तो चालायचा तर प्रत्येक वसाहतीत शिक्क्याचा कागद वाटणारा एक अधिकारी लागणार. विरोधकांनी नेमका तोच दुवा धरला. १४ ऑगस्ट १७६५ला बोस्टनमध्ये या कामावर नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला, त्याची नवी इमारत पाडली. त्यानं राजीनाम्याचं कबूल केलं आणि पाठोपाठ इतर वसाहतींतही राजीनामे आले. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा कागद वाटायला जवळजवळ कुठेच माणूस शिल्लक नव्हता. जॉर्जियात तेवढे काही काळ मुद्रांक विकले गेले. बहिष्कारानं धंदा बसलेले ब्रिटिश व्यापारीच मग पार्लमेंटकडे गेले आणि १८ मार्च १७६६ला कायदा रद्द झाला.

त्याच दिवशी पार्लमेंटनं दुसरा कायदा केला: वसाहतींना 'कोणत्याही बाबतीत' बांधून घेणारे कायदे करण्याचा हक्क आम्हाला आहे. लोक तेव्हा रद्द झालेल्या कराचा आनंद करण्यात गुंतले होते. पुढच्या दहा वर्षांचं भांडण मात्र या दुसऱ्या कायद्यात होतं.

खलाशी

चहाचं मी घेतो. त्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची अवस्था आधी पाहावी लागते.

१७६७ला ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडनं काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर आयात जकात बसवली. बहिष्कार झाला, १७७० मध्ये बाकीच्या जकाती उठल्या, चहावरची रत्तलामागे ३ पेन्स मुद्दाम ठेवली. हक्क सोडलेला नाही हे दाखवण्यासाठी. त्यानंतर अमेरिकेत डच चहाचा चोरटा व्यापार फोफावला.

इकडे कंपनी गाळात. १७६९-७०च्या भीषण दुष्काळानं बंगाल उद्ध्वस्त झालेला, १७७२ला युरोपात पतपेढ्या कोसळल्या, आणि लंडनच्या वखारींत दीड कोटी रत्तलांहून जास्त चहा पडून. (चहा हिंदुस्थानातला नव्हता. सगळा चीनचा, कँटनहून आलेला. आसामचा चहा खूप नंतरचा. मुलं इथे हमखास चुकतात.) सरकारनं कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, कंपनीच्या कारभारावर सरकारी लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट आणला आणि चहाचा कायदा केला. तिन्ही गोष्टी १७७३च्याच.

आधी कंपनी लंडनला लिलाव करी, व्यापारी माल घेऊन अमेरिकेला पाठवत, तिथले व्यापारी विकत. नव्या कायद्यानं कंपनीला थेट अमेरिकेत माल पाठवता येऊ लागला, इंग्लंडमधली जकात पूर्ण परत मिळू लागली आणि विक्री ठरावीक आडत्यांकडे गेली. ३ पेन्स कायम. चहा स्वस्त झाला तो असा.

फेकला का, याची दोन कारणं. एक धंद्याचं: बाकीचे व्यापारी आणि चोरटा माल आणणारे दोघेही बाजारातून उठणार होते. आज चहा, उद्या दुसरा माल, ही भीती खरी होती. दुसरं कारण वर कलमदान यांनी सांगितलेल्या थैलीचं. या ३ पेन्सांतून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार होणार होते. मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांना राजाकडून पगार मिळणार ही बातमी १७७२लाच आली होती, आणि बोस्टननं गावोगावी पत्रव्यवहार करणारी समिती नेमली ती त्याच वर्षी नोव्हेंबरात. लोकांनी स्वस्त चहा विकत घेतला असता तर पार्लमेंटचा हक्क आपणहून मान्य केल्यासारखं झालं असतं.

१६ डिसेंबर ही तारीख का, हे क्वचितच कुणी सांगतं. 'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबरला बोस्टनला लागलं. नियमाप्रमाणे २० दिवसांत जकात भरली नाही तर जकात खातं माल जप्त करणार. ही मुदत १७ डिसेंबरला भरत होती. जप्त माल उतरला की आज ना उद्या विकला जाणार. जहाज परत पाठवायला गव्हर्नर हचिन्सनचा परवाना हवा, आणि तो द्यायला तयार नव्हता. त्याचे दोन मुलगेच चहाचे आडते होते. शेवटच्या दिवशी जहाजमालकाला पुन्हा त्याच्याकडे पाठवलं, संध्याकाळी नकार आला, आणि त्याच रात्री ग्रिफिन्स धक्क्यावर 'डार्टमथ', 'एलिनॉर' आणि 'बीव्हर' या तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडल्या. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाकडे निघालेली चहाची जहाजं परत फिरली. चार्ल्सटनला चहा उतरवून तळघरात बंद ठेवला. नासाडी बोस्टनलाच झाली, कारण परतीची वाट फक्त तिथेच बंद होती.

हिशेब करून पाहा. सुमारे ९२,००० रत्तल चहा, ३ पेन्सप्रमाणे जकात होते साधारण १,१५० पौंड. बुडालेल्या मालाची किंमत कंपनीनं सांगितली ९,६५९ पौंड. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी मांडले तरी पहिल्या दोन्ही शंकांवर चर्चा सुरू होते.

फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सननं १७७३ मध्ये टोपणनावानं लिहिलेल्या पत्रात याच कंपनीनं बंगालमध्ये काय केलं, दुष्काळात किती माणसं मेली, याचा दाखला देऊन वसाहतींना सावध केलं होतं. आपल्याकडची हकिगत तिकडे राजकीय युक्तिवाद म्हणून वापरली जात होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पानगळ

अप्रतिम. २० दिवसांच्या मुदतीमुळे सगळंच उलगडलं. एक उपप्रश्न: शिक्षा झाली बोस्टनला. व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्यांनी त्यात उडी का घ्यावी?

उंबरठा

कारण शिक्षा मालाच्या नासाडीपुरती राहिली नाही. १७७४च्या कायद्यांत बोस्टन बंदर १ जूनपासून बंद झालं, भरपाई होईपर्यंत. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित बोस्टन एकटं पडलं असतं. पण पुढच्या कायद्यानं मॅसॅच्युसेट्सची १६९१ची सनदच बदलली: सल्लागार मंडळ निवडून येण्याऐवजी राजानं नेमायचं, आणि गावसभा वर्षातून एकदाच, त्यापुढच्या प्रत्येक सभेला गव्हर्नरची परवानगी. पार्लमेंटला एक सनद मोडता येते तर आमचीही येते, हा निष्कर्ष व्हर्जिनियात काढायला वेळ लागला नाही.

माझ्या मते साऱ्या विषयाचा गाभा यापुढे आहे आणि पाठ्यपुस्तकं तिथून घाईनं निघून जातात. ५ सप्टेंबर १७७४ला फिलाडेल्फियात बारा वसाहतींची काँग्रेस, म्हणजे प्रतिनिधींची सभा, भरली (जॉर्जिया नव्हती). २० ऑक्टोबरला तिनं बहिष्काराचा करार केला. आधीचा बहिष्कार का फसला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १७६८–७०चा बहिष्कार व्यापाऱ्यांच्या संघटनांवर सोपवलेला होता. १७७०च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कवाल्यांनी अंग काढलं, मग एका बंदरात माल येतो तर आम्हीच का मरायचं म्हणून बाकीचेही सुटले. या वेळी अंमलबजावणी व्यापाऱ्यांकडून काढून घेतली. कराराच्या अकराव्या कलमानं प्रत्येक काउंटीत, शहरात, गावात समिती. तिला निवडून देणार विधानसभेचे मतदार.

तपशील फार बारकाईनं ठरवला होता. १ डिसेंबर १७७४पासून ब्रिटिश आयात बंद. त्यानंतर १ फेब्रुवारीपर्यंत आलेल्या मालाला तीन वाटा, निवड मालकाची: परत पाठवा, समितीच्या ताब्यात वखारीत ठेवा, किंवा समितीच्या देखरेखीखाली विका. विकलात तर खरेदीची किंमत आणि खर्च तुमचा, वरचा नफा बोस्टनच्या गरिबांना. १ फेब्रुवारीनंतर आलेला माल गाठोडं न सोडता परत. निर्यातबंदी मात्र १० सप्टेंबर १७७५पासून, म्हणजे हातातलं तंबाखूचं पीक विकून होईल. दक्षिण कॅरोलिना तरीही अडून बसली, म्हणून युरोपला जाणारा तांदूळ वगळला. एकजूट टिकली ती अशा सवलतींवर.

नियम मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापायचं, मग त्याच्याशी कुणी व्यवहार करायचा नाही. परिणाम प्रचंड होता: इंग्लंडहून येणारा माल १७७५ मध्ये आदल्या वर्षाच्या दहाव्या हिश्श्याहूनही खाली आला.

या समित्या जमाखर्च तपासू लागल्या, भाववाढीवर लक्ष ठेवू लागल्या, पुढे शिपाई भरती आणि दारूगोळाही पाहू लागल्या. राजाचा गव्हर्नर कागदावर होता, गावचा कारभार समितीकडे गेला होता. स्वातंत्र्याचा ठराव होण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधीच हजारो साध्या माणसांना राजाशिवाय राज्य चालवायची सवय झाली होती. काळी बाजूही सांगा: समितीपुढे माफी मागायला लावणं, घरावर जमाव नेणं, अंगाला डांबर फासून पिसं चिकटवणं हे सर्रास चाले. राजनिष्ठांना बोलायची मोकळीक उरली नव्हती.

मध्यरात्र

तिसरी शंका, पंधरा महिन्यांची.

१९ एप्रिल १७७५ला लेक्सिंग्टन आणि काँकर्ड, १७ जूनला बंकर हिल. या दुसऱ्या लढाईत ब्रिटिशांचे हजारावर लोक मेले किंवा जखमी झाले. तरीही जुलैत काँग्रेसनं राजा तिसरा जॉर्ज याला विनंतीअर्ज पाठवला. तो नेटानं पुढे रेटणारा माणूस वर आलेला जॉन डिकिन्सनच. तोवर सगळ्यांची धारणा अशी, की दोष पार्लमेंटचा आणि मंत्र्यांचा, राजा समजून घेईल. लढाई चालली होती ती १७६३च्या आधीची व्यवस्था परत मिळावी म्हणून.

हा आधार लंडननंच काढून घेतला. राजानं अर्ज स्वीकारला नाही. २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरात ब्रिटिश नौदलानं फाल्मथ गाव जाळलं. नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर यानं बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूनं शस्त्र धरतील ते मुक्त, असा जाहीरनामा काढला. दक्षिणेतले काठावरचे जमीनदार यानं एका फटक्यात राजाविरुद्ध गेले. डिसेंबरात पार्लमेंटनं वसाहतींचा सगळा व्यापार बंद करून त्यांची जहाजं शत्रूची समजून पकडायची मुभा दिली. पाठोपाठ जर्मन संस्थानिकांकडून भाडोत्री पलटणी घेतल्या. राजा प्रजेचं रक्षण करतो आणि बदल्यात प्रजा निष्ठा देते, हा करार मानणाऱ्या माणसाला यापुढे राजनिष्ठ राहायला जागाच नव्हती.

नेमक्या त्याच वेळी, १० जानेवारी १७७६ला, थॉमस पेनची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली. पुढे जोतीराव फुल्यांवर ज्याच्या विचारांचा ठसा उमटला, तोच हा पेन. तोवर कुणी उघड न बोललेली गोष्ट त्यानं साध्या भाषेत मांडली: दोष मंत्र्यांचा नाही, वंशपरंपरेनं राजा ठरवण्यातच आहे.

यात एक निव्वळ व्यावहारिक कारणही आहे. ऑगस्ट १७७५ मध्ये वॉशिंग्टननं साठा मोजला तेव्हा दर सैनिकामागे जेमतेम नऊ बार निघतील एवढीच बंदुकीची दारू होती. दारूगोळा फ्रान्सकडून येऊ शकत होता. पण जे उद्या राजाशी समेट करतील, त्यांच्यासाठी फ्रान्स ब्रिटनशी उघड युद्ध का ओढवून घेईल? ७ जून १७७६ला रिचर्ड हेन्री लीनं मांडलेल्या ठरावाचे तीन भाग म्हणूनच एकत्र वाचावेत: स्वातंत्र्य, परकीय राष्ट्रांशी करार, आणि वसाहतींचा संघ.

पश्चिमवारा

वरच्या सगळ्यांना अनुमोदन, पण 'वसाहतींना स्वातंत्र्य हवं होतं' हे वाक्य टिपणात असं मोघम जाऊ देऊ नका. अटलांटिकपलीकडे ब्रिटनच्या तेराहून कितीतरी जास्त वसाहती होत्या. जमैका आणि बार्बाडोस राजाकडेच राहिले; तिथे गुलामांची संख्या गोऱ्यांच्या कित्येक पट, त्यामुळे मळेवाल्यांना ब्रिटिश फौज हवीच होती. क्वेबेक आणि नोव्हा स्कोशियाही आल्या नाहीत.

तेरा वसाहतींतही सुमारे २५ लाख लोकांपैकी जवळपास ५ लाख गुलाम होते. जेफरसननं लिहिलेल्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर टाकणारा परिच्छेद होता, तो काँग्रेसनं काढला. मूळ रहिवाशांच्या बाजूनं पाहा: १७६३च्या राजाज्ञेनं ॲपलेशियन डोंगरांच्या पश्चिमेला वसाहत करायला मनाई केली होती. जमिनीत पैसा गुंतवलेल्या व्हर्जिनियातल्या बड्यांना ती काचत होती, तिकडच्या जमातींना मात्र तेवढंच संरक्षण होतं. युद्धानंतर सुमारे ६०,००० राजनिष्ठ देश सोडून गेले. ही माणसंही वसाहतकरीच होती.

आपल्याकडचा धागा एका ओळीत: १७७७ला फ्रेंच वकील सेंट लुबिन पुण्यात नाना फडणीसांकडे आला आणि कंपनी हादरली, तेव्हा अमेरिकेत फ्रान्स उतरणार ही धास्ती लंडनला लागलेलीच होती. आणि १७८१ला यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचं: मतदान नक्की कधी झालं? २ जुलै, ४ जुलै, २ ऑगस्ट, तिन्ही तारखा वाचनात येतात.

मध्यरात्र

तिन्ही बरोबर, घटना वेगळ्या. प्रत्येक वसाहतीला एक मत होतं. १ जुलैच्या चाचपणीत नऊ बाजूनं. पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिण कॅरोलिना विरुद्ध. डेलावेअरचे दोघे एकमेकांविरुद्ध, म्हणून मत बाद. न्यूयॉर्कला घरून आदेश नाही, म्हणून तटस्थ. रातोरात तीन गोष्टी घडल्या. डेलावेअरचा तिसरा प्रतिनिधी सीझर रॉडनी रात्रभर घोड्यावरून येऊन पोचला. पेनसिल्व्हेनियाचे डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मतदानाला बसले नाहीत, त्यामुळे तिथलं पारडं तीन विरुद्ध दोन असं फिरलं. दक्षिण कॅरोलिनानं एकजुटीसाठी मत बदललं. २ जुलैला बारा विरुद्ध शून्य; स्वातंत्र्याचा निर्णय हाच. ४ जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला. न्यूयॉर्कची संमती ९ जुलैची. चर्मपत्रावरच्या बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या, काही त्यानंतर. डिकिन्सननं सही केलीच नाही, पण ठराव झाल्यावर तो आपली पलटण घेऊन ब्रिटिशांविरुद्ध उभा राहिला.